दुर्दैवी मृत्यू आणि सानुग्रह मदत

‘सांडपाण्याच्या टाकीत गुदमरून तीन कामगारांचा दुर्दैवी मृत्यू.’ असा मथळा मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला नवा नाही. टाकीच्या जागी कधी विहीर येते, कधी भिंत, विजेची तार, पूल, रुग्णालयातला नवजात कक्ष. ‘दुर्दैवी’ मात्र आपल्या जागेवरून हलत नाही. अशा बातमीच्या शेवटी बहुधा आणखी एक ठरलेला शब्द येतो: ‘सानुग्रह’, म्हणजे कृपा म्हणून दिलेले. मृतांच्या वारसांना अमुक लाखांचे सानुग्रह अनुदान जाहीर. सुरुवात दैवाने, शेवट अनुग्रहाने. टाकीत माणसे कोणी उतरवली, आतली हवा कोणी तपासायची होती, काम कोणत्या ठेक्यातले होते, ही माहिती मधल्या एखाद्या ओळीत असली तर असते. हे दोन शब्द एकमेकांना बांधलेले आहेत आणि पहिला छापला की दुसरा वाचकाला आपोआप पटतो, असे माझे म्हणणे आहे. म्हणून बातमीतून, सरकारी पत्रकातून आणि सभागृहातल्या निवेदनातून ‘दुर्दैवी’ हे विशेषण काढावे. घरच्या शोकात, सांत्वनाच्या पत्रात ते खुशाल राहू दे.

वाईट दशेतल्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. अभागी, हतभागी, दुर्दैवी, कमनशिबी, करंटा, बिचारा, बापडा, दीन, लाचार, निराधार, अनाथ. शब्दकोश यातले निम्मे एकमेकांचे समानार्थी म्हणून देतात, पण वापरात ते तसे नाहीत. ‘अभागी’तला ‘भाग’ म्हणजे वाटा. ‘नशीब’ अरबीतून फारसीमार्गे आले, त्याचाही मूळ अर्थ हिस्सा. ‘किस्मत’ म्हणजे वाटणी. वतनाच्या जुन्या कागदांत भेटणारी ‘तक्षीम’, म्हणजे हिस्सा, त्याच धातूची. म्हणजे अभागी, कमनशिबी आणि फुटक्या किस्मतीचा हे तिघेही मुळात एकच सांगत होते: वाटप झाले आणि याच्या वाट्याला काही आले नाही. वाटणारा कोण होता हे हे शब्द सांगत नाहीत, पण विचारायला जागा ठेवतात. ‘दुर्दैवी’ ती जागा बुजवतो. दैव म्हणजे देवाकडून आलेले, आणि देवाच्या कार्यालयात माहितीचा अर्ज टाकायची सोय नाही.

‘बिचारा’ वेगळ्या घराण्यातला. फारसी ‘बे-चारा’, म्हणजे ज्याला उपाय उरला नाही असा. आज हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की बस चुकलेला माणूसही बिचारा असतो आणि घर वाहून गेलेलाही. ‘लाचार’ची घडण तशीच, ला आणि चारा, उपाय नसलेला. पण मराठीत त्याचे काय झाले पाहा. आज कोणाला लाचार म्हणणे ही शिवी आहे. ज्याला मार्ग राहिला नाही तो हळूहळू हांजी हांजी करणारा ठरला. परिस्थितीचे वर्णन स्वभावाचे वर्णन होऊन बसते, हा या शब्दांचा नेहमीचा उतार आहे.

त्या उताराच्या तळाशी ‘करंटा’ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात ‘करंटलक्षण’ आणि त्याला लागूनच ‘सदेवलक्षण’ असे दोन समास घातले. सदेव म्हणजे भाग्यवान. तिथे करंटेपण आळस, कुसंगती, न शिकणे यांतून येते. ते सुधारता येते, म्हणून तर लक्षणे सांगायची. उपदेशाच्या जागी हे ठीक आहे. पण समाजव्यवहारात त्यामुळे दोनच खुंट्या उरल्या. माणसाचे वाईट झाले तर एक तर तो दुर्दैवी, म्हणजे कोणाचाच दोष नाही. नाही तर तो करंटा, म्हणजे दोष त्याचाच. आजच्या मथळ्यांतही हीच जोडी नांदते. एकीकडे ‘काळाचा घाला’, दुसरीकडे ‘सेल्फीच्या नादात’. कठडा नव्हता, ही तिसरी शक्यता दोन्ही मथळ्यांत मावत नाही.

तिसऱ्या शक्यतेसाठी भाषेने शब्द घडवले नाहीत असे मुळीच नाही. पीडित, शोषित, वंचित, दलित, विस्थापित, बाधित, ग्रस्त: ही सगळी संस्कृतातली कर्मणी धातुसाधिते. पीडित म्हणजे ज्याला पिडले गेले तो. दलित म्हणजे दळला, चिरडला गेलेला. ग्रस्त म्हणजे गिळला गेलेला. वंचितचा मूळ अर्थ तर चक्क फसवला गेलेला. ‘वंचना’ शब्दात तो अजून जिवंत आहे. या प्रत्येक शब्दापुढे ‘कोणाकडून?’ हा प्रश्न व्याकरणच उभा करते. दुर्दैवी, अभागी, निराधार, अनाथ यांच्यापुढे तो उभा राहत नाही. ते शब्द काय वाईट आहे किंवा काय नाही एवढेच सांगतात. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या चळवळीने स्वतःला दलित पँथर म्हणवून घेतले. त्याआधी ‘हरिजन’ हा वरून दिलेला प्रेमळ शब्द हाताशी होताच, आणि तो नको होता. प्रेमळ शब्दात चिरडणारा दिसत नाही.

हा फरक कागदावर काय करतो ते ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाकडे पाहून कळते. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला सरकारदरबारी कोणी दुर्दैवी म्हणत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, त्यावर नोकरीत समांतर आरक्षण मागता येते, पर्यायी जमिनीसाठी भांडता येते. अंमलबजावणी किती रखडली ते कोयनेच्या लोकांना विचारावे. पण भांडायला जागा आहे, कारण गिळणाऱ्याचे नाव शब्दातच आहे: प्रकल्प. उलट ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंब’ हा शब्दप्रयोग घ्या. इथेही ग्रस्त आहे, पण गिळणारी आत्महत्याच! कर्ज, नापिकी, भाव, वसुलीचा तगादा हे सगळे शब्दाबाहेर राहिले. मदत एक लाखाची. तीस हजार हातात आणि सत्तर हजार मुदतठेवीत, ही २००६ पासूनची रचना. ती मिळायला सातबारा, मान्य संस्थेचे कर्ज आणि तगादा हे सिद्ध करावे लागते आणि मग प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. मरण अपात्र ठरवणारी ही भाषा दैववादी नसेल, पण तिची मुळे त्याच जमिनीत आहेत. हक्क नाही, कृपा आहे. आणि कृपेला पात्रता लागते.

आता त्या टाकीकडे परत येऊ, कारण ‘दुर्दैवी’ किती माहिती खातो ते तिथे सर्वात स्पष्ट दिसते.

बंद टाकीत किंवा गटारात साठलेला मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. हवेतला प्राणवायू साधारण २१ टक्के असतो; तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा असुरक्षित मानतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, पण दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास गेला की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे आतल्या माणसाला वाटते. शिवाय गाळात अडकलेला वायू गाळ ढवळल्यावर सुटतो. म्हणून पहिली पाच मिनिटे ठीक वाटलेला माणूस फावडे मारताच कोसळतो. वर उभा असलेला त्याला ओढायला दोराशिवाय उतरतो आणि त्याच वायूत सापडतो, मग तिसरा. अशा बातम्यांत मृतांचा आकडा एक नसून दोन किंवा तीन का असतो, त्याचे कारण हे. ‘वाचवायला गेलेल्या भावावरही काळाची झडप’ या ओळीत ते येत नाही.

हे टाळायला काय लागते तेही ठाऊक आहे. उतरण्याआधी झाकणे उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवायची, वायुमापक दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी नोंद घ्यायची. उतरणाऱ्याच्या अंगाला पूर्ण पट्टा, त्याचा दोर वरच्या तिपाईच्या चाकावर, तोंडाला बाहेरून हवा पुरवणारे उपकरण. कापडी मास्कचा इथे उपयोग शून्य; ज्या हवेत प्राणवायूच नाही ती गाळून काय मिळणार? मुळात माणूस उतरवण्याची गरजच पडू नये म्हणून शोषणयंत्रे आहेत. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटार वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी वारसांना प्रत्येकी दहा लाख द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ही भरपाई आहे, देणगी नव्हे. बातमीत यातले काहीच नसेल तर मृताच्या पत्नीला तीस लाखांचा आदेश आहे हे कळणार कसे? ठेकेदार अंत्यविधीचा खर्च आणि वर पन्नास हजार देऊन ‘मिटवतो’, तेव्हा त्यालाही लोक दयाळू म्हणतात.

मराठी क्रियापदेही दैवाच्या मदतीला धावतात. ‘झाकण उघडे राहिले होते’ आणि ‘झाकण उघडे ठेवले होते’ यांत एका धातूचा फरक आहे, पण पहिल्या वाक्यात झाकण स्वतःच्या मर्जीने उघडे आहे. आग लागते, भिंत कोसळते, तार तुटते, इंजेक्शन मिळत नाही, रुग्णवाहिका येत नाही. अकर्मक क्रियापदे ही मराठीची ऐट आहे आणि त्यांच्यावर माझा राग नाही. कोणी केले ते ठाऊक नसताना तीच प्रामाणिक असतात. पण ठाऊक असतानाही तीच वापरायची सवय लागली आहे. ‘राहिले’ लिहिल्यावर शेजारी ‘दुर्दैवी’ अगदी सहज येऊन बसते. ‘ठेवले’ लिहा, आणि ‘दुर्दैवी’ तिथे विसंगत वाटू लागेल. संपादन करताना ही चाचणी फार उपयोगी पडते: आधी क्रियापद दुरुस्त करावे, विशेषण पुष्कळदा आपणच गळून पडते.

दैवाचा बचाव नुसता वर्तमानपत्री नसतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून सतरा जण गेले. फलक १२० फूट बाय १२० फूट होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट. वाऱ्याचा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात झेलला जातो, आणि फलक उंच असल्यामुळे पायाला बसणारा हिसका त्याहून अधिक वाढतो, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित. तरी नंतर आरोपीच्या वतीने उच्च न्यायालयात ही दैवी आपत्ती होती अशी बाजू मांडली गेली. न्यायालयात वकील काय वाटेल ते मांडू शकतो, तो त्याचा अधिकार. प्रश्न असा की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘दुर्दैवी’ लिहिणाऱ्याने तीच बाजू फुकट मांडलेली असते.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत भाषेच्या पुढे गेला आहे. इंग्लंडमधून आलेल्या जुन्या नियमात धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला दैवी कृत्याची पळवाट होती. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत कारखान्यातून वायुगळती झाली, आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांपुरती ती पळवाट बंद केली: असा धंदा करून नफा घेता तर नुकसान झाल्यावर सबब चालणार नाही. मोटार वाहन कायद्यातही कोणाची चूक ते सिद्ध न करता मृत्यूला पाच लाखांची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख देण्याचा आदेश दिला. कायद्यातून एकेक करून दैवाला रजा मिळते आहे, आणि बातमीत त्याची नोकरी कायम.

दैव नको म्हटल्यावर त्याच्या जागी काय काय बसवले जाते याचाही नमुना आपल्याकडे आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. धरणाला गळती आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितले: खेकडे. मातीच्या बांधाला प्राण्यांची बिळे धोक्याची असतात हे खरेच आहे. म्हणूनच बांधाची पाहणी करायची, बीळ दिसले की उकरून माती ठोकून भरायची, गळतीचे पाणी स्वच्छ येते की गढूळ ते बघायचे. गढूळ म्हणजे आतली माती वाहते आहे, आणि मग वेळ थोडा असतो. खेकड्याने बीळ केले हे वाक्य खरे असले तरी अर्धे आहे. ते बीळ कोणी बघायचे होते हे उरलेले अर्धे.

यावर आक्षेप येतील आणि त्यातले दोन वजनदार आहेत. पहिला असा, की ‘दुर्दैवी’मध्ये करुणा आहे, ती काढली तर बातमी पंचनाम्यासारखी कोरडी होईल. मला हे पटत नाही. तीन माणसे एकापाठोपाठ एकमेकांना वाचवायला उतरली आणि वर दोर नव्हता, या वाक्यात जेवढी करुणा आहे तेवढी कोणत्याही विशेषणात नाही. ‘दुर्दैवी’ रोज वापरून इतके झिजले आहे की वाचकाचा डोळा त्यावरून घसरतो.

दुसरा आक्षेप वार्ताहरांचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. रात्री दहाला पान लागायचे असते, ठेकेदार फोन उचलत नाही, चौकशी व्हायची असते. अशा वेळी कोणावर ठपका ठेवला तर अब्रुनुकसानीची नोटीस येते. ‘दुर्दैवी’ लिहिणे सुरक्षित. सुरक्षित आहे, पण तटस्थ नाही. चौकशीआधी कोणाला दोषी म्हणणे चूक असेल, तर चौकशीआधी सगळ्यांना निर्दोष म्हणणेही तितकेच चूक. ‘दुर्दैवी’ हा सरसकट निर्दोषत्वाचा निकाल आहे आणि तो अपघातानंतर चार तासांत दिला जातो. तटस्थ राहायचे असेल तर विशेषण नको, एवढेच. ‘टाकीत उतरलेल्या तीन कामगारांचा मृत्यू’ हे वाक्य कोणावर ठपका ठेवत नाही आणि कोणाला सोडतही नाही. ‘कामगारांकडे सुरक्षासाधने होती का, हे रात्री उशिरापर्यंत स्पष्ट झाले नाही’ ही ओळ जोडली की वाचकाला काय विचारायचे ते कळते आणि उद्याच्या वार्ताहराला काय शोधायचे तेही.

तिसरा आक्षेप हलका आहे: शब्द बदलून काय होते? शब्दाच्या जागी नुसता गोड शब्द बसवला तर काहीच होत नाही, हे मान्य. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या एका मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितले, बायकांनीच तो हाणून पाडला आणि निर्णय झालेला नाही असा खुलासा करावा लागला. पत्रिकेवरच्या जुन्या ‘गं. भा.’ला सरकारी शिक्का मारून कोणाचे काय साधणार होते? खरी गाठ पलीकडच्या शब्दात आहे. ‘सौभाग्यवती’तले भाग्य म्हणजे नवरा जिवंत असणे. एका माणसाच्या मरणाने बाईचे सगळे भाग्य संपते हा हिशेब त्या ‘सौ.’मध्ये आहे, आणि तो रोज लग्नपत्रिकांवर छापला जातो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. ग्रामसभेने नाव बदलले नाही, कृती थांबवली: नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. अभागीपण ज्या चार क्रियांनी बाईवर लादले जात होते त्यांवर तो ठराव बोट ठेवतो, त्या करणाऱ्या हातांसकट.

‘दिव्यांग’बद्दल एवढेच म्हणेन की २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि नोकरीतले आरक्षण तीनवरून चार टक्के केले, ते काम कलमांनी केले. उतार नसलेल्या पायरीपुढे अडलेली चाकाची खुर्ची दिव्य या विशेषणाने वर चढत नाही.

मग कामाच्या टेबलावर करायचे काय? विशेषणाची जागा कारणाने भरायची, आणि ती भरायला फार जागा लागत नाही. ‘दुर्दैवी’ आणि ‘दोराविना’ मथळ्यात जवळजवळ सारखीच जागा खातात. ‘भिंत कोसळून चार मजुरांचा दुर्दैवी अंत’ यापेक्षा ‘खोदकामाशेजारची भिंत कोसळून चार मजूर ठार’ यात एक खरी गोष्ट जास्त आहे. सर्पदंशाने शेतकरी गेला, तर दंश किती वाजता झाला, पहिल्या दवाखान्यात तो किती वाजता पोचला, तिथे प्रतिविष होते का आणि पुढे किती किलोमीटर पाठवले, हे चार तपशील घ्यावेत. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ते वेळेत मिळाले नाही हे साप ठरवत नाही. वीज पडून मृत्यू हे दैवाचे शेवटचे राखीव कुरण मानले जाते, पण तिथेही झाडाखाली आसरा घेणे, पत्र्याची शेड, इशारा शेतापर्यंत न पोचणे असे सांगण्यासारखे पुष्कळ असते. सगळे तपासूनही कोणाचा हात दिसला नाही, तरी ‘दुर्दैवी’ लिहायची गरज नाही. वाचक तेवढा शहाणा असतो.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ या शब्दांची. बातमीत ते निष्कर्षासारखे वाचले जातात, जणू पोलिसांनीही मृत्यू अकस्मात असल्याचे मान्य केले. प्रत्यक्षात ती चौकशीची सुरुवात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली ही नोंद होते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४ होते. चौकशीत हयगय दिसली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोनच वर्षे होती. म्हणून बातमीत ‘अकस्मात मृत्यू म्हणून प्राथमिक नोंद, चौकशी सुरू’ असे लिहावे आणि नोंदीचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. महिन्याभराने त्या क्रमांकावर ठाण्यात विचारणा करावी: नोंद गुन्ह्यात बदलली का, शवचिकित्सेचा अहवाल आला का, मूळ मालकाचे नाव आले की फक्त मुकादमाचे, वारसांना तीस लाख मिळाले की ‘सानुग्रह’ म्हणून कमी काही देऊन कागदावर सही घेतली. पहिल्या दिवशीची बातमी पहिल्या पानावर गेली असेल तर ही आतल्या पानावर गेली तरी चालेल, पण तिच्यात मालकाचे नाव असावे.